शिडी धरणारा

दादानं तिच्या कपाळावरची पट्टी दोन बोटांनी जराशी वर सरकवली आणि एक पाऊल मागे जाऊन पाहिलं. आता टाके दिसत होते.

“डोळे मिट,” तो म्हणाला. “पूर्ण नको. अर्धे. हां, असेच ठेव.”

युवा आघाडीतल्या एका मुलानं मोबाइलवर फोटो काढले. आधी उजवीकडून, मग डावीकडून, मग पायथ्याशी उभं राहून, म्हणजे प्लास्टरही यावं. आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिला उठवून पलंगापाशी आणलं, मुलीच्या हातावर हात ठेवायला सांगितलं. आईनं ठेवला. तो हात घामेजलेला होता.

“आता हसू नकोस, भोंग्या,” दादा म्हणाला, तशी खोलीतली सगळी पोरं हसली.

भोंगा हे तिचं शाळेपासूनचं नाव. माईकशिवाय मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा तिचा आवाज होता. घरात त्यापायी बोलणी खाल्ली होती, पक्षात मात्र त्याचीच किंमत झाली. वस्तीतला दवाखाना बंद पडायला आला तेव्हा दादा, पक्षाचा नेता असूनही, सगळ्यांबरोबर उन्हात त्याच्या पायरीवर बसला होता. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं घोषणा दिली आणि तिच्यामागून शेकडो गळे उठले. दवाखाना वाचला. त्यानंतर तिला कुणी काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. चष्म्याच्या दुकानातली नोकरीसुद्धा तिनं प्रचारासाठी हसत हसत सोडली होती.

फोटो संपले. पोरं बाहेर गेली. तिनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

“दादा, ही मुलं म्हणतायत की वायरमनकाकांनी शिडी ओढली. तसं नाही झालं.”

दादा पलंगाच्या कडेवर टेकला. लोकांच्या घरी गेल्यावरही तो असाच बसायचा, पुढे केलेली खुर्ची बाजूला सारून. ही त्याची रीत तिला फार आवडायची.

“तुझ्या डोक्याला मार लागलाय,” तो मायेनं म्हणाला. “डॉक्टर म्हणाले, काही दिवस आठवणींचा गोंधळ होणार. जे आठवतं ते तसंच घडलं असेल असं नाही.”

“पण मला सगळं नीट आठवतंय.”

“तेच तर म्हणतोय मी.” त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं. “आराम कर. बोलू नकोस फार. तुझा आवाज आता आपल्या सगळ्यांचा आहे.”

जाताना त्यानं उशीजवळचा तिचा फोन उचलून खिशात टाकला. पेन उचलावं इतक्या सहज.

तिला खरोखरच सगळं आठवत होतं. पक्ष कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर बॅनर बांधायचा होता. खाली दोघं शिडी धरून उभे होते. तेवढ्यात दादाची गाडी आली आणि ते दोघं त्याच्याबरोबर फोटो काढायला धावले. वर तिला कळलंच नाही. तिनं दोरीचं टोक पकडायला अंग बाजूला झोकलं आणि शिडी सरकली. कार्यालयाच्या खाली वायरमनचं पंखे आणि विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. तो हातातलं काम टाकून धावत आला होता. शिडी त्याच्या हाताला लागली, पण सावरली नाही, आणि ती स्वतः थेट त्याच्या अंगावर कोसळली. मग त्याच्या टेम्पोत, त्याच्या मांडीवर डोकं. शर्टाला मोटारीच्या व्हार्निशचा वास. शेजारचा कुणीतरी टेम्पो चालवत होता, आणि वायरमन सारखा म्हणत होता, “झोपू नको, पोरी. ती तुझी घोषणा म्हण. आमच्या धाकट्याला शिव्या घालणारी. म्हण, म्हण, मी नाही रागावत.”

त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या पक्षाचा उमेदवार होता. आणि ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून, तोंडात रक्ताची चव घेऊन, त्याच भावाविरुद्धची घोषणा पुटपुटत होती. तो “शाब्बास, पुढची ओळ,” म्हणत होता.

मोर्चाचा आवाज तिनं दुपारी ऐकला. आधी नुसती गुणगुण, मग ठेका. ठेका तिचाच होता. दोन छोटे ठोके, एक लांब. तिनंच तो बसवला होता, गच्चीवर पोरांकडून घोटून घेतला होता. आता त्यात तिचं नाव होतं, आणि पुढे वायरमनचं, आणि त्याचं काय करायला हवं ते. खिडकीच्या काचा बारीक थरथरत होत्या. तिनं उशीचं टोक कानावर ओढलं.

संध्याकाळी दाराबाहेर बसलेल्या दोघांपैकी एक आत डोकावला. दादानं त्यांना तिच्या रक्षणासाठी बसवलं होतं. हा मुलगा प्रचारात तिच्यासाठी न विसरता पाण्याची बाटली आणायचा, तिचा घसा बसू नये म्हणून.

“भोंग्या, तुझं काम झालं बघ,” तो म्हणाला. “त्याचं दुकान साफ केलं. तांब्याच्या तारा अशा पसरल्यात रस्त्यावर, जणू शेवयाच.”

“काका कुठे आहेत?”

“पळाला. पण जाऊन जाऊन जाणार कुठे?”

तो हे अगदी आपुलकीनं सांगत होता. तो गेल्यावर तिचं लक्ष दाराकडे गेलं. दाराला आतून कडी नव्हती. काल सामान्य वॉर्डात तिच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, कुणाचं तरी बाळ रडत होतं. आज दादानं ही स्वतंत्र खोली मिळवून दिली होती. आई सकाळपासून येईल त्या नर्सला ते कौतुकानं सांगत होती.

दुसऱ्या दिवशी पायाचा पुन्हा एक्स-रे काढायचा म्हणून तिला चाकांच्या खुर्चीवरून खाली नेलं. पाण्याची बाटली आणणारा मुलगा बरोबर होता, पण एक्स-रेच्या दारावर ‘रुग्णाव्यतिरिक्त प्रवेश नाही’ अशी पाटी होती आणि आतल्या बाईंनी त्याला बाहेरच थोपवलं. आत कपडे बदलायला पडदा लावलेली एक चिंचोळी जागा होती. वॉर्डबॉय तिला तिथं सोडून गेला. पडद्यामागे आधीच कुणीतरी बसलं होतं. स्कार्फनं चेहरा झाकलेली बाई.

बाईनं स्कार्फ खाली केला. ती वायरमनची बायको होती.

ही ओरडेल, मारेल, काहीही करेल, आणि बाहेरचा तो आत येईल. पण बाई जागची हलली नाही. पिशवी आणि एक्स-रेची चिठ्ठी पोटाशी धरून बसून राहिली.

“काकू, मी सांगणार आहे,” ती घाईघाईनं कुजबुजली. “पोलीस आले की सांगणार. काकांनी मला वाचवलं, ते सगळं सांगणार.”

“सांगू नकोस.”

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

“इतक्यात सांगू नकोस,” बाई म्हणाली. “खोटं बोल असं नाही म्हणत मी. पण खरंसुद्धा बोलू नकोस. तू आमच्या बाजूनं बोललीस की हे लोक म्हणणार, आम्हीच तुला फितवलं. मग तुझ्या काकांना शोधायला निघतील. ते जिथं आहेत ती जागा लांब नाही गं. घरात सासूबाई अंथरुणावर. त्यांना हलवायला गाडी परवा मिळतेय. परवा दुपारनंतर आम्ही इथं नसू. मग तुला काय बोलायचं ते बोल.”

“काका बरे आहेत ना?”

बाईनं पडद्याकडे पाहिलं. “खांदा निखळलाय. तू पडलीस ती त्यांच्या खांद्यावरच. रात्रंदिवस कण्हतायत. पण या दवाखान्यात आणता येतंय का आता? दाराशी तुमचीच माणसं.”

तिच्या पायाला प्लास्टर होतं, डोक्याला टाके होते, फळांची टोपली होती, स्वतंत्र खोली होती.

“तुझ्यावर राग नाही, असं मी म्हणणार नाही,” बाई उठता उठता म्हणाली. “त्यांचा नाही. ते म्हणतात पोर आहे. पण माझा आहे. एवढं मात्र कर. परवापर्यंत गप्प राहा.”

स्कार्फ पुन्हा वर गेला. पडदा हलला. तेवढ्यात आतून हाक आली, आणि थंडगार फळीवर पाय ठेवताना तिला इतकी थंडी भरली, की एक्स-रेवाल्या बाईंना दोनदा सांगावं लागलं, हलू नका.

गप्प राहणं सोपं असेल असं तिला वाटलं होतं. पण दुसऱ्याच सकाळी दादा पोलीस अधिकाऱ्याला घेऊन आला. अधिकारी पोट सुटलेला, दमलेला, सतत खोकणारा माणूस होता. त्यानं स्टूल मागितलं तेव्हा आई उठून भिंतीशी उभी राहिली. दादा खिडकीला पाठ टेकून हाताची घडी घालून उभा राहिला. अधिकारी आत यायच्या आधीच त्यानं तिच्या कानाशी वाकून सांगितलं होतं, “फार बोलायचं नाही. त्यानं शिडी ओढली. एवढंच म्हण. बाकीचं आम्ही बघतो.”

“हं, सांगा,” अधिकारी म्हणाला. “तुम्ही शिडीवर होता. मग?”

ती त्याच्या पेनाच्या टोकाकडे बघत राहिली. खरं बोलावं तर ती बाई, तिची सासू आणि निखळलेल्या खांद्याचा तो माणूस. खोटं बोलावं तर तोच माणूस. आठवत नाही म्हणावं, तर दादा आठवण करून देणार. ज्या आवाजानं मैदानं भरली त्यातला एक शब्द फुटेना. घाम कानामागून मानेवर उतरला, आणि त्या घामानंच तिला वाट दाखवली. तिनं डोळे फिरवले, मान टाकली आणि अंग सैल सोडून दिलं.

ते सगळंच काही नाटक नव्हतं. पोटातून खरोखर उमळून आलं आणि चादरीवर सांडलं. अधिकारी स्टूल घेऊन मागे सरला. आईनं भिंतीवरच्या घंटेकडे झेप घेतली.

आणि पापण्यांच्या फटीतून तिला दादा दिसला. त्याचा हातही झटकन गेला. खिशाकडे गेला. फोन बाहेर आला, वर उचलला गेला, आणि त्याच्या मागे दादाचा चेहरा दिसत होता. तो चेहरा घाबरलेला नव्हता, रागावलेलाही नव्हता. सभेआधी गर्दी किती जमली ते बघताना असायचा तसा होता. तो जरा डावीकडे सरकला, कारण आई मध्ये येत होती.

नर्स आली, डॉक्टर आले, सलाइन लागलं. अधिकारी “शुद्धीवर आल्या की कळवा” म्हणून गेला. ती डोळे मिटून पडून राहिली. खिडकीपाशी दादा फोनवर हळू आवाजात बोलत होता.

“प्रकृती खालावली, असं टाक. नाही, नाही, गंभीर लिही. हो. व्हिडिओ पाठवलाय.” मग थोडा वेळ तो ऐकत राहिला. “तेही करून ठेव. ठेवायला काय हरकत आहे? लागलं तर ऐन वेळी धावपळ नको.”

‘तेही’ म्हणजे काय हे तिला विचारावं लागलं नाही. गेल्या वर्षी पक्षातले एक म्हातारे गृहस्थ याच इमारतीत शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हा ती दादाच्या शेजारीच उभी होती. त्यांचा श्रद्धांजलीचा फलक त्यानं आदल्या दिवशीच छापायला टाकला होता. कोणता फोटो चांगला दिसेल ते तिनंच निवडून दिलं होतं. आणि घरी जाताना तिच्या मनात आलं होतं, दादा किती पुढचा विचार करतो.

मतदान आता तोंडावर आलं होतं. सलाइनचे थेंब पडत होते. तिनं डोळे न उघडता ती नळी कुठून कुठे जाते ते बोटांनी चाचपलं. बाटली कुणी लावली? नर्सनं. नर्सला कुणी पाठवलं? दरवाजा उघडला की तिचे खांदे आपोआप कानाशी जाऊ लागले. दुपारी पोरांनी फळांचा रस आणला. तिनं तो घेतला नाही. मळमळतंय म्हणाली. आपण उगाच घाबरतोय, हेच दादा पलंगाच्या कडेला बसून तिला समजावेल, आणि आपल्याला ते पटेलसुद्धा, याची तिला अधिक भीती वाटली.

दुपारी आई तिचे केस विंचरायला बसली. पट्टीच्या कडेनं, गाठी सोडवत, फणी सावकाश उतरत होती. आई गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती. घरात दादाचा विषय निघाला की ती पदरात काही पडल्यासारखी बोलायची. मुलगी मंचावर उभी राहिली त्या दिवशी तिनं कारखान्यात सगळ्या बायकांना पेढे वाटले होते.

तिनं आईला सगळं सांगितलं. उशीत तोंड खुपसून, तुटक तुटक, दाराकडे कान ठेवून. शिडी, टेम्पो, पडद्यामागची बाई, फोन, ‘तेही’.

फणी थांबली नाही. आईनं आणखी एक गाठ सोडवली.

“हं,” शेवटी ती म्हणाली.

तिनं वेणी घातली, फणीतले केस काढून बोटाला गुंडाळले आणि पिशवीत टाकले. मग कोपऱ्यातलं स्टूल उचललं, पलंग आणि दार यांच्या मध्ये आणून ठेवलं आणि त्यावर बसली. त्यानंतर खाणं आलं की आधी ती एक घास खायची. दाराबाहेरच्या पोरांना ती म्हणाली, पोरीला उजेडाचा त्रास होतो, उगाच दार उघडू नका. पोरं तिला काकू म्हणायची. त्यांनी ऐकलं.

ठरलेल्या दिवशी आई कपडे आणायला म्हणून घरी गेली. ती परत येईपर्यंतचा वेळ तिनं छताच्या पंख्याकडे बघत काढला. पंखा कुरकुरत होता. वायरमननं तो ऐकला असता तर शिडी मागितली असती, हा विचार मनात आला आणि तिला हसू फुटलं, मग रडू. बाहेर पावलं वाजली की ते दोन्ही थांबायचं.

आई आली. हातातली पिशवी खाली ठेवत म्हणाली, “त्यांच्या गल्लीतून आले. कुलूप आहे. शेजारीण म्हणाली, म्हातारीला उचलूनच गाडीत घातलं.”

“आणि काका?”

“ते नाही कळलं.”

म्हणजे खात्री नव्हतीच. ती होईल म्हणून वाट बघत बसायलाही आता वाव नव्हता, कारण संध्याकाळी दादा तिला दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात हलवणार होता. आई खाली गेली आणि दवाखान्याच्या फोनवरून तिनं अधिकाऱ्याला बोलावलं. पण पोरांनी त्याला जिना चढताना पाहिलं असणार. तो स्टुलावर बसतो न बसतो, तोच दादाही दारात उभा राहिला.

“कळवायचं तरी,” तो हसत म्हणाला. “मीच गाडी पाठवली असती साहेबांना.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आवाज गेला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती पेनाच्या टोकाकडे बघत बोलू लागली. आवाज बारीक निघाला, अधिकाऱ्याला पुढे वाकावं लागलं. शिडी कुणी धरली होती, ती कुणी सोडली, कशासाठी सोडली. मग कोण धावत आलं. कुणाच्या अंगावर ती पडली. टेम्पोत तिला जागं कुणी ठेवलं. ज्या दोघांनी शिडी सोडली त्यांची नावं सांगताना तिची जीभ अडखळली, कारण त्यातला एक दाराबाहेरच उभा होता, पाण्याची बाटली आणणारा. तरी तिनं ती सांगितली.

अधिकारी लिहीत गेला. मध्ये एकदा त्यानं दादाकडे पाहिलं, दादानं हातानं ‘चालू द्या’ असं केलं. लिहिलेलं वाचून दाखवलं. तिनं सही केली. ती अक्षरं कुणा म्हातारीची वाटावीत इतकी वाकडी आली होती.

“मुलगी अजून सावरलेली नाही,” दादा म्हणाला. तो अजिबात रागावला नव्हता. त्यानं पलंगाजवळ येऊन चादरीची सुरकुती सरळ केली आणि आईकडे वळला. “काकू, तुमची कामावरची रजा संपत आली असेल ना? मग ही दिवसभर घरी एकटीच. पायाला प्लास्टर, उठता येत नाही, आणि तुमच्या दाराची कडीसुद्धा मोडकीच आहे. जपा तिला.”

अधिकाऱ्यानं पेनाला टोपण लावलं आणि उठायला म्हणून गुडघ्यावर हात टेकले.

“साहेब,” आई म्हणाली, “हेही लिहून घ्या.”

“काय?”

“हे आत्ता बोलले ते.”

अधिकाऱ्यानं दादाकडे पाहिलं, मग हातातल्या पेनाकडे. “अहो बाई, ते काळजीनं बोलले.”

“मग काळजीनं बोलले, असं लिहा. पण कडीचं लिहा. ते आमच्या घरात कधी आलेले नाहीत.”

दादाच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच राहिलं. अधिकारी खोकला, खिशात रुमाल शोधू लागला आणि तो सापडल्यावरही शोधत राहिला.

“लिहा ना,” आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, दुकानात वजन नीट करा म्हणताना असतो तसा. पण तिनं पलंगाची लोखंडी दांडी मुठीत धरली होती, आणि उशीवर डोकं टेकून पडलेल्या मुलीला जाणवत होतं, की त्या मुठीपासून सगळा पलंग थरथरतो आहे.